सातऱ्यावरच्या शिंका

धानाचं काम उरकलं की चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड-सिंदेवाहीकडच्या बायकांचे पाय मिरचीच्या सातऱ्याकडे वळतात. सातरा दिसायच्या आधी घशाला कळतो. आडोसा केलेली मोकळी जागा, जमिनीवर पसरलेली लाल वाळकी मिरची आणि ढिगांभोवती गोल करून बसलेल्या चाळीस-पन्नास बायका. मिरची उचलायची, देठ खुडायचा, मिरची एकीकडे, देठ दुसरीकडे. मजुरी किलोवर. म्हणून हात थांबत नाहीत, गोष्टी थांबत नाहीत आणि शिंकाही थांबत नाहीत. एका कोपऱ्यात सुरू झालेली शिंक फिरत फिरत दुसऱ्या कोपऱ्यात पोचते. नव्या बाईला पहिले तीन-चार दिवस डोळे उघडत नाहीत, नाक गळत राहतं, हाताची आग रात्रीसुद्धा जात नाही. पुढे सवय होते असं त्या सांगतात. सवय होते म्हणजे त्रासाबद्दल बोलणं बंद होतं, एवढंच मी पाहिलं.

परिचारिका म्हणून माझ्या नोकरीची शेवटची काही वर्षं या भागातल्या एका उपकेंद्रात गेली. हंगामात बायका उपकेंद्रात येत नसत. यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची. मग मीच बीपीचं यंत्र आणि गोळ्यांची पिशवी घेऊन आठवड्यातून एकदा सातऱ्यावर जाऊ लागले. जेवणाच्या सुट्टीत तपासायचं. गरोदर बायका, बीपीवाल्या म्हाताऱ्या, झोळीतली लेकरं.

तिथे मला ती भेटली. वय साठीच्या पुढचं, नऊवारी लुगडं, हात विलक्षण वेगाचे. तिचं बीपी मोजत होते, तेवढ्यात तिला शिंक आली. तिने दुसऱ्या हाताने नाक गच्च दाबलं, तोंड मिटून घेतलं, सगळं अंग आवळलं. चेहरा लालबुंद झाला, मानेच्या शिरा वर आल्या. शिंक आतल्या आत जिरली. मी घाबरून विचारलं, "आजी, असं काहून करता? कानाचा पडदा फाटेल."

"शिकलं का काळीज बंद पडते बाई," ती म्हणाली. "एक डाव बंद पडते न् मंग चालू होते. या वयात चालू नाही झालं तं?"

आजूबाजूच्या बायकांनी माना हलवल्या. हे सगळ्यांनाच माहीत होतं. मोबाइलवर कुणाला तसा मेसेज आला होता, कुणाच्या पोराला शाळेत कुणीतरी सांगितलं होतं. एकीच्या आजोबाला शिंक आली आणि तो तिथेच गेला, असंही निघालं. मीही लहानपणी हे ऐकलं होतं. प्रशिक्षणात कुणी ते खोडून काढलं नव्हतं, कारण असा प्रश्न कुणी विचारतच नाही. अनेक वर्षं पांढरी साडी नेसून मीही मनाच्या एका कोपऱ्यात ते खरं धरून होते, हे इथे सांगायला हवं. त्या आठवड्यात मी तालुक्याच्या डॉक्टरांना विचारलं, घरी येऊन जुनी पुस्तकं काढली आणि पुढच्या खेपेला तयारीने गेले.

मिरचीचा तिखटपणा कॅप्सायसिन नावाच्या द्रव्यात असतो. देठ खुडताना त्याची धूळ उडते आणि नाकाच्या आतल्या ओल्या अस्तरावर बसते. चेहऱ्याच्या संवेदना मेंदूकडे नेणारी ट्रायजेमिनल नावाची नस ती आग वर कळवते. मेंदूच्या तळाशी, जिथे तो मणक्याच्या दोरीला जोडला जातो, त्या भागातून हुकूम सुटतो. आधी खोल श्वास आत घेतला जातो. मग घशातली श्वासाची वाट क्षणभर बंद होते, छातीचे आणि पोटाचे स्नायू आवळतात, छातीत दाब चढतो. वाट एकदम उघडते आणि हवा सुटते. झाली शिंक. हे सगळं होताना हृदय काय करतं? आपलं काम. छातीतला दाब वाढला की शरीराकडून हृदयाकडे परतणारं रक्त जरासं अडतं, त्यामुळे एखादा ठोका बारीक पडतो. शिंक सुटली की अडलेलं रक्त मोकळं होतं आणि पुढचा ठोका ठसठशीत लागतो. ठोक्यांतलं अंतर थोडं मागेपुढे होतं. छातीत एकदम 'धडक' झाल्यासारखं वाटतं ते यामुळे, आणि काळीज थांबून पुन्हा सुरू झालं ही समजूत त्यातूनच आली असावी.

पण हे मी सातऱ्यावर अशा भाषेत सांगितलं असतं तर तिथल्या तिथे विरलं असतं. मी एकीला म्हटलं, तुझा हात दे. मनगटावरची नाडी कुठे लागते ते दाखवलं आणि शेजारणीला तिथे बोटं ठेवायला लावली. शिंक मागवावी लागत नव्हती, सातराच तो. शिंक आली. शेजारीण म्हणाली, "नाही थांबली. बारीक झाली, मंग जोरात लागली." मग दुसरी जोडी, तिसरी जोडी. पंधरा मिनिटांत सगळा सातरा एकमेकींची मनगटं धरून शिंकेची वाट बघत होता. स्टेथोस्कोपही एकीच्या कानात घालून पाहिला, पण शिंकेच्या आवाजापुढे त्यात काही कळत नाही. नाडीच बरी. तिला अक्षरओळख लागत नाही.

तरी एकीने विचारलंच, "पण बाई, शिकेनं नाही तं नाही, काळजाले चालव म्हणून सांगते तरी कोन?" हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो, तोच ठोक्याची ठिणगी टाकतो, हे कसं समजवावं याचा मी विचार करत होते. तेवढ्यात मागे बसलेली एक बाई बोलली. ती ढिवराच्या घरची. मामा (माजी मालगुजारी) तलावातली मासोळी धरण्यात आणि विकण्यात तिचा जन्म गेलेला. देठ खुडता खुडता, वर न बघता ती म्हणाली, "मांगूर चिरला न् काळीज येगळं काढून ठेवलं तरी टुकटुक करत रायते. त्याले कोन सांगते? ते आपल्याच मनानं उडते."

मी कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिले. शरीरशास्त्राच्या पुस्तकात हृदयाच्या या स्वतःच्या लयीवर पानंच्या पानं असतात. माणसाच्या छातीत दुसऱ्याचं हृदय बसवतात तेव्हा मेंदूकडून येणाऱ्या नसा तुटलेल्या असतात, तरी ते हृदय चालतं, ते याच गुणामुळे. ही गोष्ट त्या बाईने हजार वेळा आपल्या हाताच्या तळव्यावर पाहिली होती. तिला कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. त्या दिवसानंतर सातऱ्यावर मी कुठलीही गोष्ट सांगायच्या आधी 'तुम्ही काय पाहिलंय' हे विचारायला शिकले.

डोळ्यांचंही तसंच. डोळे उघडे ठेवून शिंकलं तर बुबुळं बाहेर पडतात, या भीतीने पोरं डोळे गच्च मिटतात. डोळे मिटणं हा शिंकेबरोबर येणारा आपोआप प्रतिसाद आहे. काहीजणांना प्रयत्न केला तर उघडे ठेवता येतात. प्रत्येक डोळ्याला सहा स्नायूंनी खोबणीत धरून ठेवलेलं असतं, नाकातली हवा त्याला बाहेर ढकलत नाही. शिंक ताशी १६० किलोमीटरने सुटते हेही बऱ्याच पुस्तकांत छापलेलं मी पाहिलं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रत्यक्ष मोजमाप केलं, तेव्हा जास्तीत जास्त वेग सेकंदाला साडेचार मीटर निघाला. म्हणजे ताशी १६ किलोमीटर, चांगल्या रस्त्यावर सायकल चालावी तेवढा.

शिंक दाबणं मात्र खरंच वाईट. २०१८ च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डॉक्टरांनी एका चौतीस वर्षांच्या माणसाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याने नाक आणि तोंड दोन्ही बंद करून शिंक कोंडली आणि त्याचा घसा आतून फाटला. त्याला आठवडाभर दवाखान्यात राहावं लागलं. असं क्वचितच होतं, पण होतं. आपल्याकडे चरकसंहितेने हे फार पूर्वी सांगून ठेवलं आहे. शरीराचे जे तेरा वेग अडवू नयेत त्यांत शिंक आहे, आणि ती अडवली तर मान आखडते, डोकं दुखतं असं तिथे म्हटलं आहे. शिंकेनंतर कुणाला खरोखरच भोवळ येत असेल तर डॉक्टरांना दाखवावं, तेही विरळाच. बाकी पदर तोंडावर धरावा आणि मोकळेपणी शिंकावं. पदर धरायचं कारण वेगळं आहे. शिंकेतून उडणारे थेंब शेजारच्या लेकरापर्यंत जातात.

इथे मला एक जुनी गोष्ट सांगावी लागेल, कारण शिंकेच्या बाबतीत मी स्वतः एक चूक करून बसले आहे.

नोकरीच्या सुरुवातीला, नव्वदच्या दशकात, मी गडचिरोली जिल्ह्यात आरमोरीकडे वैनगंगेच्या काठच्या एका गावात होते. एका घरी पाच महिन्यांचं लेकरू तापाने फणफणलेलं होतं. घरचे म्हणाले, डब्बा झाला. आमच्याकडे लेकराच्या न्यूमोनियाला डब्बा म्हणतात, आणि श्वास भराभर चालला की ल्हाक लागली म्हणतात. मी अंगावरचं फडकं काढलं. श्वासागणिक बरगड्यांखाली छाती आत ओढली जात होती. घड्याळ लावून मिनिटभर मोजलं तर ६४ श्वास. दोन महिने ते वर्षभराच्या लेकरात ५० ही हद्द. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात ६०, वर्षाच्या पुढे पाच वर्षांपर्यंत ४०. हे आकडे आम्हाला तेव्हा शिकवून घोटून घेतले होते. त्या काळी याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या माणसांनाच न्यूमोनिया ओळखायला आणि गोळी-औषध द्यायला शिकवलं होतं. निरक्षर सुईणींना पन्नासपर्यंत मोजणं कठीण, म्हणून त्यांनी एका मिनिटाची वाळूची घटिका आणि सरकवायचे मणी असं एक साधन केलं. दहा श्वास झाले की एक मणी. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर लेकराला धोका. १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्या कामाचे आकडे आले. जिथे काम झालं त्या ५८ गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू हजारी ८.१ आणि जिथे नव्हतं तिथे १७.५. मी त्या संस्थेत कधी काम केलं नाही, पण मणी सरकवणाऱ्या बायका पाहिल्या होत्या. त्यांच्या बोटांतला तो ठामपणा माझ्या मनात कायमचा राहिला.

तर त्या लेकराला ताबडतोब दवाखान्यात न्यायचं होतं. गावातली एक जीप मिळाली. आई लेकराला घेऊन उंबरठा ओलांडणार, तेवढ्यात घरातला म्हातारा शिंकला. लेकराची आजी आडवी झाली. "थांबा. घटकाभर बसा, पाणी प्या, मंग जा." माझं कुणी ऐकेना. जाताना एक शिंक झाली तर काम फिसकटतं, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. कुठे माशी शिंकली, असं आपण अडलेल्या कामाबद्दल सहज बोलून जातो. त्या घरात मात्र ती शिंक खरी होती आणि घड्याळ चालू होतं. मला आठवलं, दुसरी शिंक आली तर पहिलीचा दोष जातो असंही लोक मानतात. मी पाठ फिरवली, पदराच्या टोकाला पीळ दिला आणि नाकात घातला. मोठी शिंक आली. "आली दुसरी, चला!" मी म्हटलं. जीप सुटली. इंजेक्शनं लागली, चार दिवसांनी लेकरू हसायला लागलं.

कित्येक महिने मी हे यश म्हणून मनात जपलं. मग त्याच आळीत दुसऱ्या एका घरी बाळंतिणीला कळा सुरू झाल्या. गाडी आली, निघताना कुणीतरी शिंकलं. त्या घरच्यांनी घटकाभर वाट बघितली नाही. त्यांनी दुसरी शिंक काढायचा प्रयत्न सुरू केला. फडक्याला पीळ घालून एकाच्या नाकात, मग दुसऱ्याच्या. ती येता येईना. अर्धा तास गेला. "सिस्टरनं तसंच केलं होतं ना," असं मला नंतर सांगितलं गेलं. बाळंतपण शेवटी घरीच झालं, आई आणि बाळ दोघंही वाचले. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. मी अंधश्रद्धेला चुकवून पुढे गेले असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी तिला पांढऱ्या साडीचा आधार देऊन आले होते. म्हाताऱ्याची शिंक म्हणजे म्हाताऱ्याच्या नाकातली धूळ, लेकराच्या श्वासाशी तिचा काही संबंध नाही, हे वाक्य मी त्या उंबरठ्यावर बोलायला हवं होतं. ऐकलं नसतं तर पुन्हा बोलायला हवं होतं. आजही कुणी मला विचारतं की लेकराचा जीव महत्त्वाचा की तुमचं तत्त्व, तेव्हा मी म्हणते, लेकराचा जीव. पीळ घातला याचं मला दुःख नाही. जीप परत आल्यावर, लेकरू बरं झाल्यावर, मी त्या घरी जाऊन खरं काय केलं ते सांगितलं नाही, याचं आहे. तेव्हा सांगितलं असतं तर ऐकलं असतं.

म्हणून सातऱ्यावर मी सरळ बोलायचं ठरवलं होतं, आणि नाडीचा प्रयोग चांगला झाला याचा मला आनंद होता. पण दोन आठवड्यांनी गेले तर ती साठीची आजी पुन्हा तशीच नाक दाबून, अंग आवळून बसलेली. बाकी बायका मोकळ्या शिंकत होत्या. तिने स्वतः शेजारणीच्या मनगटावर बोटं ठेवून पाहिलं होतं. मी थोड्या रागानेच म्हटलं, "आजी, अजून काळीज बंद पडते का?"

ती काही बोलली नाही. तपासणी आटोपून निघाले तेव्हा ती माझ्यामागून सातऱ्याबाहेरच्या चिंचेच्या झाडापर्यंत आली. इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "काळजाचं नाही वो माय. शिकलं का लुगडं भिजते."

पाच बाळंतपणं, एक वावरातच झालेलं. शेवटच्या बाळंतपणानंतर सुरू झालं ते तीस वर्षं चालू होतं. खोकला आला, शिंक आली, पोतं उचललं, की लघवी सुटते. घरी चालून जायचं, पण सातऱ्यावर चाळीस बायकांत, दिवसभर मिरचीच्या धुळीत? ती दोन लुगड्यांचे तुकडे घडी करून ठेवत होती. सकाळी घरून निघताना पाणी पीत नव्हती आणि संध्याकाळी परत जाईपर्यंत घोटभरसुद्धा नाही. चंद्रपूरचा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. त्यामुळे लघवीला आग, वरचेवर ताप. ती मिरचीची आग आहे असं ती समजत होती.

मला एकदम सगळं उमगलं. काळीज बंद पडतं, हे चारचौघींत सांगता येतं. लुगडं भिजतं, हे सांगता येत नाही. एवढ्या वर्षांत कुणी विचारलं तर द्यायला तिला एक सभ्य उत्तर हवं होतं, ते शिंकेच्या समजुतीने दिलं होतं. मी ती समजूत काढून घेतली आणि तिला उघडं पाडलं, तरी ती माझ्यावर न चिडता चिंचेपर्यंत चालत आली, याचं मोल मला तेव्हाच कळलं.

गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत बंग दांपत्याने ६५० बायका तपासल्या होत्या, तो अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यातल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या शंभरात जेमतेम आठ होत्या. हा आकडा मी प्रशिक्षणात ऐकला होता, टिपून घेतला होता, परीक्षेत लिहिला होता. चिंचेखाली तो माझ्यासमोर उभा राहिला.

लघवीच्या पिशवीची वाट आवळून धरणारे स्नायू ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे ताणलेले असतात. बाळंतपणांनी आणि डोक्यावरच्या ओझ्यांनी ती झोळी सैल होते. शिंकेत पोटातला दाब एकदम वाढतो, सैल झोळीला तो सोसत नाही. म्हणजे शिंकेने शरीरात जे खरंच घडतं ते काळजात घडत नाही, तिथून वीतभर-दोन वीत खाली घडतं. आणि त्यावर उपाय आहे. मी तिला ग्रामीण रुग्णालयात नेलं. अंग बाहेर आलेलं नव्हतं, लघवीत जंतू होते, औषध मिळालं. लेडी डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. लघवी मध्येच रोखताना जिथे आवळतो, तिथे आवळायचं, पाच-सहा मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. हे लघवीला बसल्यावर करायचं नाही, एरवी करायचं. गुण यायला तीन महिने तरी लागतात. आणि दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यांत मोलाची वाटते: शिंक येते आहे असं कळताच, ती यायच्या आधी आवळायचं. शिंकेची सूचना नाकाला क्षणभर आधी मिळतेच. पाणी कमी प्यायचं नाही, हे डॉक्टरांनी तिला दोनदा सांगितलं.

मोजणार कशी, हा प्रश्न होता. तिला दहाच्या पुढे मोजता येत होतं, पण खुडताना गोष्टींत विसरायची. मला त्या जुन्या मण्यांची आठवण झाली. मी म्हटलं, आजी, प्रत्येक वेळी एक देठ पायाजवळ वेगळा ठेवा. दहा देठ झाले की एक पाळी झाली. देठांना तिथे काय तोटा?

पुढच्या आठवड्यात गेले तर तिच्या पायाजवळ दहा देठांचा एक लहान ढीग होता. तिच्या शेजारणीच्या पायाजवळही होता. आणखी दोघींच्या होता. कुणी काही बोललं नाही, मीही विचारलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मात्र एक तरुण बाई, दोन लेकरांची आई, पिण्याच्या पाण्याचा गडू भरताना हळूच म्हणाली, "बाई, कवापासून करा लागते ते?" मी म्हटलं, पहिल्या बाळंतपणानंतरच करायला हवं होतं, आता लगेच लाग. त्या हंगामात सातऱ्यावर बीपी मोजण्यापेक्षा चिंचेखाली माझा जास्त वेळ गेला. झोळ्यासुद्धा आम्ही तिथेच, धुळीपासून दूर, बांधायला लावल्या. पाळीपाळीने एक बाई लेकरांपाशी बसायची आणि तिच्या वाटची मिरची बाकीच्या खुडायच्या. हे त्यांनीच ठरवलं.

मे लागला तसा सातरा उठायला आला. शेवटच्या खेपेला गेले तेव्हा आजीचं बीपी मोजत होते. तिच्याजवळ पाण्याची बाटली होती, अर्धी झालेली. मध्येच ती थांबली, नजर स्थिर झाली, मांड्यांवरचे हात घट्ट झाले. मला वाटलं आता नाक दाबेल. तिने पदर तोंडावर धरला आणि शिंकली. अशी मोठी, की पलीकडची झोळीतली पोर दचकली. कुणीतरी म्हणालं, "शतायुषी हो वो आजी!"

तिने माझ्याकडे बघून मान किंचित हलवली. "थोडंसं झालंच," ती कुजबुजली, "पन थोडंसंच." मग पायाजवळचा एक देठ उचलून बाजूला ठेवला आणि पुढची मिरची हातात घेतली. वजनाचा काटा चार वाजता लागणार होता.